ऑर्डरप्रमाणे लाकूडकाम करणारं पुण्यातलं छोटं वर्कशॉप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोनवर आणि प्रत्यक्ष येऊन लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आधी लाकडाचे प्रश्न, मग सांधे, पॉलिश आणि फिटिंगचे. या कामात यायची इच्छा असलेल्यांचे प्रश्न शेवटी आहेत. "खर्च किती येईल?" याचं उत्तर घनफुटाच्या हिशेबात सापडेल.

तुमच्याकडे नक्की कोणतं काम होतं?

दारं, चौकटी, खिडक्या, टेबलं, पलंग, कपाटं, देवघर, पाट-चौरंग आणि जुन्या फर्निचरची दुरुस्ती. मॉड्युलर किचन आणि अख्ख्या फ्लॅटचं इंटिरियर आम्ही घेत नाही, चार-पाच माणसांच्या वर्कशॉपचं ते काम नव्हे. एका खुर्चीचा पाय हलतोय म्हणून खुर्ची घेऊन यायला मात्र लाजू नका.

सीपी, बल्लारशा, बर्मा, घाना, इक्वेडोर… सागवान नेमकं कोणतं घ्यावं?

टिंबर मार्केटमध्ये, म्हणजे भवानी पेठेतल्या वखारींत, ही सगळी नावं एका दमात ऐकायला मिळतात. सीपी म्हणजे जुन्या मध्य प्रांतातलं सागवान. चंद्रपूर-बल्लारशा भागातला माल याच घराण्यातला. रंग गडद सोनेरी, रेषा दाट, अंगात तेल भरपूर. मुख्य दार, चौकट, देवघर यांसाठी आमची पहिली पसंती याला.

"बर्मा" या शब्दाला भुलू नका. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यामुळे "ताजा बर्मा ओंडका" असं कोणी सांगितलं की कागद मागायचे. घाना, नायजेरिया, इक्वेडोर, कोस्टा रिका, पनामा इथून येणारं सागवान बहुतेक लागवडीचं असतं. झाड कमी वयाचं, वाढ भरभर झालेली, म्हणून वलयं रुंद आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त. ते वाईट नसतं. घरातल्या पलंगाला किंवा कपाटाला उत्तम चालतं आणि स्वस्तही पडतं. फक्त उन्हापावसात राहणाऱ्या दाराला ते वापरताना पांढरा भाग पूर्ण काढावा लागतो, कारण सागवानाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. पांढऱ्याला वाळवी आणि भुंगा इतर कुठल्याही लाकडाइतक्याच आवडीने खातात.

एक सोपी कसोटी वजनाची. चांगलं सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. तुकडा त्याहून बराच हलका लागला तर वलयं मोजा. बराच जड लागला तर आधी ओलावा तपासा.

घनफुटाचा हिशेब कसा करतात? पट्टी घेऊन मोजलं तर कोटेशनपेक्षा कमी भरतं.

कापीव मालाचा हिशेब सरळ आहे : लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार, भागिले १४४. उंबरा नसलेल्या दाराची चौकट घ्या. ७ फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांचा एक आडवा, मिळून साडेसतरा फूट. छेद ५ बाय अडीच इंच. १७.५ × ५ × २.५ भागिले १४४, म्हणजे १.५२ घनफूट.

गोल ओंडक्याचा हिशेब वेगळा. घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करतात, त्याला लांबीने गुणून १४४ ने भागतात. ४८ इंच घेराचा १० फुटी ओंडका या पद्धतीने बरोबर १० घनफूट भरतो. भूमितीने मोजला तर पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येतो. ही तफावत फसवणुकीची नाही, चिराईत जाणाऱ्या कडांची सूट मापातच धरलेली असते.

तुमच्या पट्टीत आणि आमच्या कोटेशनमध्ये फरक पडतो तो इथे : तुम्ही तयार वस्तू मोजता, आम्ही आणलेलं लाकूड मोजतो. ६ बाय ३ फुटांचा, १ इंच जाडीचा टेबलटॉप मोजला तर दीड घनफूट भरतो. पण फळी रंधून १ इंचावर आणायची तर चिरताना सव्वा इंच ठेवावी लागते. तिथेच हिशेब १.८७ वर गेला. मग टोकांच्या भेगा कापायच्या, गाठी टाळायच्या, पांढरं काढायचं, रेषा जुळवायच्या. वस्तूच्या मापावर ३५ ते ४० टक्के जास्त लाकूड लागेल असं धरूनच चालायचं. "वेस्टेज दहा टक्के" असं कोणी लिहून देत असेल तर त्याने पांढरं काढणार नाही हेही लिहून दिलंय, असं समजा.

कोटेशनमध्ये लाकूड, चिराई, मजुरीचे दिवस, पॉलिश चौरस फुटांत, हार्डवेअर, वाहतूक आणि फिटिंग या ओळी वेगवेगळ्या असाव्यात. एकच गोल आकडा असेल तर नंतरचा वाद ठरलेला.

लाकूड सुकलंय हे कसं ओळखायचं?

हात लावून ओळखता येत नाही. दोन सुयांचं मॉइश्चर मीटर लागतं, आणि तेही नीट वापरावं लागतं. फळीच्या टोकाला किंवा पृष्ठभागावर मीटर लावलं तर आकडा नेहमीच चांगला येतो, कारण टोक सर्वांत आधी सुकतं. टोकापासून फूटभर आत फळी कापायची आणि ताज्या कापावर, जाडीच्या मधोमध सुया टोचायच्या. पुण्यातल्या घरातल्या फर्निचरसाठी १० ते १२ टक्के हवं. १६-१७ टक्क्यांची फळी दिसायला कोरडीच असते, पण तिचं टेबल पुढच्या एप्रिलमध्ये बोलतं.

उघड्यावर सुकवायचं तर इंचभर जाडीला साधारण वर्ष धरायची पद्धत आहे. वखारीतून आलेल्या फळ्या जमिनीपासून फूटभर उंच, सावलीत, मध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या. दोन पट्ट्यांत दीड ते दोन फूट अंतर आणि वरच्या थरातली पट्टी खालच्या थरातल्या पट्टीच्या बरोबर वर. ती सरकली तर फळी तिथे वाकते आणि मग कोणत्याही रंध्याने पूर्ण सरळ होत नाही. टोकांना ऑइल पेंट किंवा मेण लावायचं, नाहीतर टोक आधी सुकून फाटतं. भट्टीत सुकवलेला माल आणला तरी तो दोन-तीन आठवडे वर्कशॉपच्या हवेत पडू द्यावा लागतो.

पावसाळ्यात दार अडकतं. रंधा मारून घेऊ का?

जुलैमध्ये नको. या एका उत्तरावर दर पावसाळ्यात कितीतरी जण नाराज होतात, म्हणून जरा सविस्तर.

पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, जुलै-ऑगस्टमध्ये ती ऐंशीच्या पुढे जाते. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. पाट कापणीच्या म्हणजे आडव्या, कमानदार रेषा दिसणाऱ्या सागवानी फळीची रुंदी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला सुमारे ०.१९ टक्के बदलते. उभ्या, समांतर रेषांच्या फळीत हाच बदल जवळजवळ निम्मा असतो.

आता हे दारावर बसवा. ३ फूट रुंदीचं नुसत्या फळ्या चिकटवून केलेलं दार ८ टक्क्यांवरून १३ वर गेलं, तर ८ मिलीमीटरच्या आसपास फुगतं. तेच दार चौकट-पॅनेलचं असेल, तर दारात हलतात फक्त दोन बाजूचे पाचपाच इंची उभे. फुगवटा अडीच मिलीमीटरच्या आत राहतो. पॅनेल आपल्या खाचेत मोकळं सरकतं. जुन्या सुतारांनी पॅनेलची दारं शोभेसाठी केली नव्हती.

जुलैत फुगलेल्या दाराला रंधा मारला तर डिसेंबरमध्ये फट दिसते आणि उन्हाळ्यात तिच्यातून उजेड येतो. म्हणून आधी बिजागरीचे स्क्रू तपासा. निम्म्या वेळा वरच्या बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन दार खाली बसलेलं असतं आणि दोष पावसाला जातो. मग कुठे घासतंय ते पाहा : दाराच्या आणि चौकटीच्या मध्ये कागद सरकवायचा, अडकेल तिथे पेन्सिलची खूण करायची. तोवर मेणबत्ती घासली तर दिवस निघतात. पाऊस संपून लाकूड उतरलं, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, तरी खुणेच्या जागी घासत असेल तरच रंधा मारायचा, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी पॉलिशने बंद करायची.

नवं दार बसवताना बाजूंना अडीच-तीन मिलीमीटर आणि खाली ५-६ मिलीमीटर मोकळं सोडतो. दाराची वरची आणि खालची कड पॉलिश केलेली आहे का, हे बसवण्याआधी बघा. ती कुणाला दिसत नाही म्हणून राहून जाते, आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.

टेबलटॉपला मधोमध तडा गेला. लाकूड खराब होतं का?

क्वचित. बहुतेक वेळा टॉप खालच्या फ्रेमला घट्ट स्क्रूने आवळलेला असतो. लाकूड आकसायला निघतं, स्क्रू सोडत नाहीत, मग ते स्वतःच फाटतं. टॉप धरायला लाकडी गुटके वापरायचे : गुटक्याची जीभ फ्रेमच्या आतल्या खाचेत जाते, स्क्रू टॉपमध्ये जातो, आणि टॉप हलला की जीभ खाचेत सरकते. स्क्रूच वापरायचा तर भोक गोल नाही, रेषांच्या आडव्या दिशेला लांबट हवं. फ्रेमच्या बरोबर मध्यावरचे स्क्रू घट्ट चालतात, कडेचे नाही. पाटाच्या खालच्या दोन आडव्या पट्ट्यांनाही हाच नियम आहे. पट्टी डव्हटेल (तोंडाशी अरुंद, आत रुंद) खाचेत सरकवून बसवायची आणि डिंक फक्त मध्यावर दोन इंच. पूर्ण लांबीत डिंक लावलेला पाट एक-दोन उन्हाळ्यांत वाकतो किंवा चिरतो.

खिळे-स्क्रूऐवजी कुसवाचा सांधा (एका तुकड्याचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं) कशाला? वेळ जातो ना?

जातो. खुर्चीत रोज कोणीतरी मागे रेलतं आणि तो सगळा ताण मागच्या पायाच्या सांध्यावर येतो. स्क्रूला तिथे पकड धरायला टोकाकडचे तंतू मिळतात, ते महिन्यागणिक चुरत जातात.

कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. दीड इंची उभ्याला अर्धा इंच. आपल्याकडच्या पटाशीच्या मापाशी ते जुळवून घेतात, कारण खाच पटाशीच्या रुंदीचीच निघते. आधी खाच, मग कुसू, हा क्रम उलटा केला तर माप चुकतं : खाच मोठी-लहान करणं अवघड, कुसू तासणं सोपं. खुणा एकाच बाजूच्या पृष्ठभागावरून मारायच्या, त्याला पेन्सिलने खूण करून ठेवायची. खाच कुसवापेक्षा २ मिलीमीटर खोल, म्हणजे जास्तीचा डिंक तिथे साठतो. ही जागा नसेल तर डिंक पिचकारीसारखा दाबला जातो आणि पातळ बाजू फुटते. खांद्याची रेघ करवतीने नाही, आधी सुरीने मारायची. सुरीच्या रेघेत करवत बसते आणि सांधा बंद झाल्यावर केसभरही फट दिसत नाही.

घट्टपणा किती? कुसू हाताने अर्धं आत जावं, उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. हातानेच पूर्ण गेलं तर ढिलं आहे. मोगरीने जोर लावावा लागला तर दोन गोष्टी होतात : डिंक पुसून बाहेर येतो, किंवा खाचेचं टोक फाटतं. डिंकाआधी पूर्ण फ्रेम कोरडी जोडून दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे आले की गुण्या लागला, म्हणजे कोपरे काटकोनात आले. डिंक लावल्यावर कर्ण जुळवायला दहाएक मिनिटंच हातात असतात.

फेविकॉल कुठला वापरता?

घरातल्या कामाला पांढरा पीव्हीए, बाहेरच्या दार-खिडकीला पाणी सहन करणारा. सागवानाच्या तेलामुळे डिंक धरत नाही अशी तक्रार येते. रंधल्यावर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात चिकटवलं तर ती येत नाही. फळी दोन दिवस पडून राहिली असेल तर कड पुन्हा एकदा रंधायची किंवा थिनरने पुसून लगेच डिंक लावायचा. क्लॅम्प पावसाळ्यात रात्रभर ठेवायचे, पूर्ण ताकद यायला २४ तास.

आमच्या वाड्याचं जुनं सागवान आहे. त्याचं फर्निचर होईल?

होईल, आणि बहुतेक वेळा आजच्या बाजारातल्या मालापेक्षा चांगलं होईल. पेठांमधले वाडे पाडून इमारती उभ्या राहताना तुळया, खांब, कडीपाटाच्या फळ्या निघतात. ते लाकूड मोठ्या, सावकाश वाढलेल्या झाडांचं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या छपराखाली सुकलेलं असतं. सागवान किती टिकतं आणि त्यात काय कोरता येतं हे पाहायचं असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग बघून या. १८०७ च्या त्या वाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आजही उभे आहेत. कोरीव दाराची कल्पना हवी असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातली दारं बघा, मग डिझाइन ठरवायला बसू.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली खिळ्यांची. जुने घडीव खिळे आत तुटून राहतात, वरून दिसत नाहीत. चिराईला नेण्याआधी प्रत्येक बाजूवरून हातातलं मेटल डिटेक्टर फिरवायचं, खिळ्याजवळ निळसर-काळा डाग दिसतो तो खडूने घेरायचा. एक खिळा राहिला की सॉमिलची पट्टी जाते, आणि सॉमिलवाले पुढच्या वेळी जुनं लाकूड घेत नाहीत. दुसरी, भिंतीत गेलेली टोकं. तिथे चुना, ओल आणि कधी वाळवीची पोकळी असते. प्रत्येक टोकाकडून ६ ते ९ इंच सोडून द्यायची तयारी ठेवा. मोगरीने ठोकत गेलं तर पोकळ जागी आवाज बदलतो. तिसरी, वरवर जुनं सागवान वाटणारी तुळई ऐनाची किंवा किंजळीची निघते. एक कोपरा रंधून बघितल्याशिवाय आम्ही काहीच कबूल करत नाही. ताज्या कापाला सागवानाचा चामड्यासारखा तेलकट वास येतो, तो लपत नाही.

हिशेब धरताना तुळईच्या मापाच्या अर्धंच हाती येईल असं समजा. जास्त निघालं तर एखादा चौरंग होतो.

गावाकडे शेतात सागाची झाडं आहेत. तोडून आणली तर?

आधी परवानगी, मग कुऱ्हाड. स्वतःच्या शेतातलं असलं तरी सागाचं झाड तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वन विभागाचा वाहतूक पास. सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. पुणे शहरातलं, सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्राचा झाडांचा कायदा लागू होतो आणि अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करावा लागतो. पासाशिवाय टेम्पोत आलेलं लाकूड आम्ही उतरवून घेत नाही.

पंधरा-वीस वर्षांच्या झाडाच्या ओंडक्यात पांढरा भाग बराच असतो. घेर बघून केलेल्या मोठ्या बेताला चिराईच्या दिवशी कात्री लागते. ओंडका तोडल्यावर लगेच चिरून, पट्ट्या घालून रचून ठेवा. अंगणात वर्षभर ओंडकाच पडून राहिला तर तो सुकत नाही, फक्त फाटतो.

प्लायवूड वापरता का?

कपाटाची पाठ, मोठी आडवी पॅनेलं, ड्रॉवरचा तळ यांना प्लायच योग्य, कारण तो हलत नाही. शिक्क्यावरचा आयएस क्रमांक बघायचा : ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा, ७१० मरीन प्लायचा. बेडरूमच्या कपाटाला ७१० घालायची गरज नाही. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाला आहे. कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या तर कोणताही क्रमांक वाचवत नाही.

पॉलिश कोणतं करायचं?

देवघर, जुन्या वस्तू, आरसेपाट यांना फ्रेंच पॉलिश : चपडी लाख स्पिरिटमध्ये, लिटरला साधारण २०० ग्रॅम, लोकरीच्या बोळ्याने बरेच पातळ हात. गरम कप ठेवला की त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, म्हणून जेवणाच्या टेबलाला नको. टेबलाला पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाईन. मुख्य दाराला बाहेरचं पीयू, आणि दक्षिण-पश्चिमेच्या उन्हात असेल तर दोन-तीन वर्षांनी हलका हात पुन्हा.

पावसाळी हवेत लॅकर किंवा लाख मारली तर सुकताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पांढरट धुकं येतं. म्हणून भर पावसात पॉलिशचं काम पुढे ढकललं की चिडू नका. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमाने. मधला एक नंबर गाळला तर त्याचे ओरखडे स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) लावल्यावरच दिसतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. पॅनेलच्या दारात पॅनेलं जोडण्याआधी पॉलिश करतो. नाहीतर उन्हाळ्यात पॅनेल आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते.

अळशीच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्याच्या डब्यात टाकायची किंवा मोकळी पसरून वाळवायची.

किती दिवस लागतील?

लाकूड सुकं असेल तर सहा जणांच्या टेबलाला तीन ते चार आठवडे. चौरंग किंवा पाट आठवड्यात. गणपतीसाठी चौरंग-मखर हवं असेल तर आषाढातच सांगा. दिवाळीआधीच्या महिन्यात नवं मोठं काम आम्ही घेत नाही, कारण त्या गर्दीत सगळ्यात आधी डिंक सुकायचा वेळ कापला जातो.

मापं आम्ही पाठवली तर चालतील?

अंदाजाला चालतील, कापायला नाही. भिंत-चौकट वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी आकडा धरायचा. कर्णात ५ मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे. स्कर्टिंगची जाडी, स्विचबोर्ड, फरशीचा उतार फोटोत दिसत नाही. लिफ्टच्या आतली उंची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी जरूर कळवा. साडेसात फुटी टॉप पाचव्या मजल्यावर चढवणं हे सुतारकामापेक्षा अवघड आहे. सोसायटीत दुपारी २ ते ४ ठोकाठोकी बंद असेल तर फिटिंगला एक दिवस वाढवून धरा.

वर्कशॉपमधला दिवस कसा असतो? काम शिकायला यायचं आहे.

सकाळी मशीन : प्लेनर, थिकनेसर, टेबल सॉ. मोठा आवाज आणि धूळ जेवणाआधी संपवायची, दुपारी सांधे आणि जोडणी, संध्याकाळी क्लॅम्प लावून निघायचं म्हणजे डिंक रात्रभर सुकतो. गुरुवारी देखभालीसाठी लाईट गेली की हातकाम : पटाशीने खाचा साफ करणं, घासणं, धार लावणं. पॉलिशवाला वेगळा असतो आणि त्याच्या दिवशी भुसा उडवणारं काहीही चालवायचं नाही. त्यावरून होणारी भांडणं प्रत्येक वर्कशॉपमध्ये सारखीच.

नव्या माणसाचे पहिले काही आठवडे धार लावण्यात जातात. पटाशीचा मूळ उतार २५ अंश, टोकाची धार ३० अंश. पाठ आधी दगडावर पूर्ण सपाट व्हायला हवी. ती नसेल तर पुढची धार कितीही घासा, पटाशी लाकडात एका बाजूला वळते. आपल्या हाताच्या केसांवर धार बघण्यापेक्षा मऊ लाकडाच्या टोकावर आडवा काप घ्या : काप चकचकीत आला तर धार आहे, तंतू चुरले तर नाही. मग रंधा, गुण्या, खुणा, त्यानंतर खाच. मशीन त्यानंतर.

आयटीआयचा सुतार ट्रेड करून आलात तर खुणा आणि नकाशा वाचणं आलेलं असतं, ते बरं पडतं. बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकूडकामाचे छोटे अभ्यासक्रम असतात. हत्यारं नवीच हवीत असं नाही. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणाऱ्या जुन्या बाजारात बरी पटाशी मिळते, फक्त पाठीला खोल गंज नाही ना बघून घ्या. बाकी हार्डवेअर रविवार पेठेत, बोहरी आळीत.

बोटं, कान, फुप्फुसं?

टेबल सॉचं पातं लाकडाच्या वर दाताएवढंच काढायचं. पात्यामागची फाकणारी पट्टी काढून ठेवायची नाही. ती नसली की लाकूड पात्यावर मिटतं आणि उलटं छातीवर येतं. कडेचे शेवटचे ६ इंच हाताने नाही, ढकलकाठीने. हातमोजे घालून मशीनवर कधीही नाही. ८५ डेसिबलच्या वर कानांना मफ. थिकनेसर सहज त्या पुढे जातो.

धुळीला लोक हसतात. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोगकारक ठरलेली. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क लागतो. सागवान आणि शिसमने काहींच्या त्वचेला खाज सुटते. अशा माणसाला घासकामावरून हलवावं लागतं, सवयीने ते जात नाही.

मुलगी अमेरिकेत आहे. शिसमचं फर्निचर पाठवता येईल?

येईल, पण कागद लागतात. शिसम २०१७ च्या जानेवारीपासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून निर्यातीला त्याची परवानगी लागते. २०२२ च्या निर्णयानुसार प्रत्येक वस्तूतलं शिसमचं वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर ती परवानगी लागत नाही. त्यामुळे छोटा चौरंग सुटतो, टेबल सुटत नाही. सागवानाला ही अट नाही. पेटी कोऱ्या लाकडाची असेल तर ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराचा) शिक्का मारलेली हवी. प्लायच्या पेटीला ते लागत नाही, म्हणून आम्ही प्लायचीच करतो. आणि तिकडच्या हिवाळ्यात हीटरची हवा पुण्याच्या एप्रिलसारखी कोरडी असते. सांधे मोकळे ठेवायचे, हे ऑर्डर देतानाच सांगा.

भुसा मिळेल का? गच्चीवरच्या बागेला हवाय.

मिळेल, पोतं घेऊन या. सागवानाचा आणि प्लायचा भुसा वेगळा ठेवलेला असतो. प्लाय-एमडीएफचा नेऊ नका, त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. सागवानाचाही थेट कुंडीत नको, कुजताना मातीतला नत्र ओढून घेतो आणि पानं पिवळी पडतात. कंपोस्टच्या डब्यात ओल्या कचऱ्यावर मूठभर टाका. रंध्याचे छिलके त्याहून बरे, हवा खेळती ठेवतात. शनिवारी दुपारनंतर आलात तर पोतं भरून तयार असेल.